मोदक : पोट सुटलेल्या अक्षरांची गोष्ट

मुलुंड पश्चिमेच्या एका नाक्यावर मागे एक बॅनर लागला होता. काळी चौकट, मधे एका आजोबांचा फोटो, दोन्ही बाजूंना समया आणि वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. सगळं रीतसर होतं, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा. तरी सिग्नलला थांबलेली माणसं बॅनरकडे बघून किंचित गोंधळत होती. माझ्या पुढच्या स्कूटरवरचा मुलगा हसला आणि लगेच त्यानं जीभ चावली. कारण ती 'श्रद्धांजली' गुटगुटीत होती. अक्षरं अशी टम्म फुगलेली, की आता खाली 'चि. अमुकचा पहिला वाढदिवस' असं काहीतरी येणार असं वाटावं.

ते अक्षर 'मोदक' नावाच्या फॉन्टचं होतं.

बॅनर करणाऱ्या पोरानं काही मुद्दाम केलं नसणार. यादीत जाड अक्षर शोधलं, हे सगळ्यात जाड निघालं, लावून टाकलं. पण अक्षराला स्वभाव असतो, आणि तो मजकुराच्या आधी वाचला जातो, हे त्या नाक्यावर ज्याला त्याला एका क्षणात कळलं. फॉन्टचा अभ्यास कोणीच केलेला नव्हता.

'मोदक' एक टाइप या मुंबईतल्या गटाचा. सारंग कुलकर्णी यांनी त्याची देवनागरी रेखाटली, मैथिली शिंगरे यांनी रोमन. नूपुर दाते आणि गिरीश दळवी यांचा हात सोबतीला होता. २०१५ साली तो गूगल फॉन्ट्सवर आला आणि तेव्हापासून कोणालाही फुकट मिळतो. तुम्ही नाव ऐकलं नसेल तरी तो पाहिला नक्की असेल : गणपतीच्या वर्गणीच्या पत्रकावर, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर, खाऊच्या पाकिटावर, इन्स्टाग्रामवरच्या विनोदी चित्रांत. देवनागरीत याहून लठ्ठ फॉन्ट बहुधा नाही, असं त्याच्या कर्त्यांनीच सांगून ठेवलंय.

सुरुवात झाली ती कागदावरच्या हातच्या रेखाटनांतून. अक्षराच्या आतली मोकळी जागा, म्हणजे 'व'च्या पोटातली किंवा 'प'च्या खोबणीतली पोकळी, कमी कमी करत नेली तर काय होईल, असा तो खेळ होता. रेघ जाड होत जाते, पोकळी आक्रसत जाते आणि शेवटी पोकळीचीच एक बारीक रेघ उरते. म्हणजे सगळं उलटंपालटं. एरवी आपण काळी रेघ वाचतो आणि पांढरं पोट नुसतं असतं. इथं काळा गोळा नुसता असतो आणि वाचायची ती पांढरी फट. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडतात तशी. पीठ तेच, पण कळ्यांशिवाय तो मोदक नाही, नुसता गोळा. या फॉन्टला याहून चपखल नाव मिळालं नसतं.

ऐकायला हे मजेचं वाटतं. करायला ते फार चिकट काम आहे, आणि रोमनपेक्षा देवनागरीत कितीतरी जास्त. 'व' आणि 'ब' शेजारी लिहून बघा. फरक कुठं आहे? पोटातल्या एका तिरक्या रेघेत. 'प' आणि 'ष' बघा. फरक पुन्हा आतल्याच एका रेघेचा. देवनागरीतली कितीतरी अक्षरं अशी आतून ओळखायची आहेत. पोट बुजलं की 'वडा'चा 'बडा' होतो. मग 'ब'मधली ती तिरकी रेघ काढायची तरी कुठं, जिथं पोटच एका फटीएवढं उरलंय? एका फटीच्या दोन फटी कराव्या लागतात, आणि त्या दोन्ही मिळून 'ब' वाटल्या पाहिजेत. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांचं सगळं वेगळेपण वर डावीकडच्या कोपऱ्यात. तो कोपरा जाडीत बुडाला की संपलं.

आणि हे झालं एकट्या अक्षरांचं. आपली लिपी तीन मजल्यांवर राहते. शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, रफार, मधे अक्षर, खाली उकार, ऋकार. रोमन अक्षर लठ्ठ झालं तर बाजूला सरकून बसतं. देवनागरी अक्षर लठ्ठ झालं की वरच्याला आणि खालच्यालाही ढुशी लागते. त्यात जोडाक्षरं. 'महाराष्ट्र' या शब्दाच्या शेवटी 'ष', 'ट' आणि 'र' तिघं एकमेकांच्या अंगाखांद्यावर बसलेले असतात; त्यांनाही तेवढंच गुटगुटीत करायचं, शेजारच्या 'रा'पेक्षा काळं दिसू द्यायचं नाही आणि वाचताही आलं पाहिजे. अशी शेकडो रूपं एकेक करून बसवावी लागतात. एक सूत्र लावलं आणि सगळी अक्षरं आपोआप फुगली, असं होत नाही. रस्त्यावरच्या माणसाला हसू यावं म्हणून कोणीतरी महिनोन्महिने 'द्ध' आणि 'ह्म'च्या फटी मोजत बसलेलं असतं.

आता प्रश्न असा की एवढा खटाटोप कशासाठी? मराठीला गमतीचं अक्षर नव्हतं का?

होतं की. भरपूर होतं, फक्त ते हातात होतं, खिळ्यात नव्हतं. मुंबईत मराठी छपाईची परंपरा मोठी. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे खिळे देशभर नावाजले गेले. पण ते खिळे पोथ्यांसाठी, पुस्तकांसाठी, पंचांगांसाठी. वाचताना डोळ्याला खुपू नये एवढंच त्यांचं काम. शिवाय देवनागरीचा एक संच ओतायचा म्हणजे शेकडो खिळे. नुसत्या नखऱ्यासाठी तेवढं शिसं कोण ओतणार? म्हणून अक्षरानं काही बोलायची वेळ आली, रडायची, ओरडायची, टिंगल करायची, की माणूस बोलवावा लागे. तो कागदावर हातानं अक्षरं काढी, त्याचा ब्लॉक बने आणि तो ब्लॉक खिळ्यांच्या शेजारी बसून छापला जाई.

या माणसांतला सगळ्यात मोठा माणूस मुलुंडचा. कमल शेडगे. १९३५चा जन्म, टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात अनेक वर्षं नोकरी, २०२०च्या जुलैत मुलुंडच्या राहत्या घरी गेले. मराठी नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना जो चेहरा होता तो मुख्यतः त्यांचा. साठच्या दशकातल्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' आणि 'मत्स्यगंधा'पासून पुढे 'नटसम्राट', 'वस्त्रहरण', 'ती फुलराणी', 'ऑल द बेस्ट' अशी कितीतरी नावं त्यांनी रेखाटली. यातली दोनच नावं शेजारी ठेवा : 'नटसम्राट' आणि 'वस्त्रहरण'. एक शोकांतिका, दुसरं मालवणीतला धुमाकूळ, आणि दोन्ही एकाच हातातली. नाटकाच्या जाहिरातीला चार बोटं जागा. फोटो छापला तर काळा डाग दिसायचा असा तो वर्तमानपत्राचा कागद. तेव्हा हे नाटक रडवणार की हसवणार, हे सांगायला अक्षराशिवाय होतं काय? बोरीवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहाबाहेर किंवा मुलुंडच्या कालिदासपाशी उभं राहून ज्यांनी तिकीट काढायचं की नाही ते ठरवलं, त्यातल्या कितीतरींनी नाटकाची पहिली ओळख अक्षरांतूनच करून घेतली असणार.

दुसरी परंपरा त्याहून बेनावाची. पेंटर. उपनगरांत दुकान उघडलं की आधी पेंटर यायचा. तो पाटीला रंगाचा हात द्यायचा, खडू लावलेली दोरी ताणून सोडायचा, त्या खुणेवर ब्रशनं अक्षरं ओढायचा. जागा उरली तर शेवटचा काना ऐसपैस, कमी पडली तर मात्रा दाटीवाटीनं. वर शॅडो मारली की पाटी पूर्ण. कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःचं नाव टाकायचा. फरसाणवाल्याचं अक्षर आणि दवाखान्याचं अक्षर एक नसतं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी माहीत होतं. (तो बॅनर त्याच्या हातून तसा कधीच झाला नसता.)

मग संगणक आला. आणि इथं या गोष्टीत एक गंमत आहे, जी मला फार आवडते.

संगणकाच्या पडद्यावर देवनागरी कशी दिसावी, याचं बरंचसं कामही याच उपनगरांत झालं. र. कृ. जोशी आधी जाहिरातीतले कलादिग्दर्शक, मग पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक, मग जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, जे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालं. त्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला 'मंगल' विंडोजसोबत जगभर गेला. सरकारी आदेश, कॉलेजच्या नोटिसा, सोसायटीची पाण्याची सूचना, सगळं मंगलमध्ये. हे जोशी कोण? तर लघुनियतकालिकांच्या काळातले कवी. अक्षरांनाच चित्रासारखं कागदावर मांडणारे, शब्दांच्या आकारांशी खेळ करणारे. एवढ्या खेळकर माणसाचं सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं काम म्हणजे सगळ्यात साधंसरळ अक्षर! पण मंगलचं कामच ते होतं. त्या काळच्या खरबरीत पडद्यावर, बारीक आकारात, 'क्ष'चा 'क्ष' दिसावा. तो त्यानं चोख दाखवला. दोष मंगलचा नाही. त्याला उचलून दहा फुटी पाटीवर चढवणाऱ्यांचा आहे.

आणि तेच झालं. नव्वदच्या दशकात डीटीपी आलं, पुढे फ्लेक्स. पेंटर जिथं दिवसभर पाटी रंगवायचा तिथं तासाभरात प्रिंट मिळू लागली. पैसे कमी, वेळ कमी, आणि फोटोही टाकता येतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. मीही तेच केलं असतं. पण प्रिंटवाल्याकडे मराठीचे फॉन्ट मोजकेच. श्रीलिपीतले काही, आयएसएममधले काही. त्यांची नावं-आकडे त्या पोरांना पाठ. नवीन युनिकोड फॉन्ट टाकावा तर त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांट्या उडायच्या, जोडाक्षरं सुटी व्हायची, 'ट्र'चे तुकडे पडायचे. मग कोण त्या भानगडीत पडतो? त्यामुळे अंधेरीपासून मुलुंडपर्यंत लग्न, बारसं, निषेध, आमदारांचा वाढदिवस आणि तेरावं, सगळ्यांचं अक्षर एक झालं. इंग्रजी मजकुरासाठी त्याच संगणकावर शेकडो फॉन्ट पडलेले. त्यामुळे पाटीवर इंग्रजी नटूनथटून आणि खाली मराठी ऑफिसच्या कपड्यांत, हे दृश्य सवयीचं होऊन गेलं.

इंग्रजीतल्या या नटव्या अक्षरांचीही थट्टा होतेच. कॉमिक सॅन्स तर जगभर चेष्टेचा विषय आहे. व्हिन्सेंट कॉनेर यांनी १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी तो केला, कारण एका प्रोग्रॅममधला कार्टून कुत्रा गंभीर पुस्तकी अक्षरांत बोलत होता आणि ते त्यांना विचित्र वाटलं. कॉमिक पुस्तकातल्या फुग्यांतल्यासारखं अक्षर कुत्र्याला हवं, एवढाच विचार. पुढे लोकांनी ते कोर्टाच्या कागदांपासून दवाखान्याच्या सूचनांपर्यंत कुठंही लावलं आणि शिव्या फॉन्टला बसल्या. पण बघा, शिव्या द्यायला तरी तो फॉन्ट होता. अनेक वर्षं संगणकावरच्या मराठीला चुकीच्या जागी लावायलासुद्धा धड गमतीचं अक्षर नव्हतं. त्या अर्थानं मुलुंडचा तो बॅनर मला प्रगतीच वाटतो.

कोंडी फुटली ती २०१४-१५च्या सुमारास, भारतीय लिप्यांचे खुले फॉन्ट एकामागून एक येऊ लागले तेव्हा. 'खुले' म्हणजे परवाना असा की वापरा, बदला, वाटा. फक्त नुसता फॉन्ट विकू नका. 'मोदक' त्यातलाच. त्याच गटानं २०१६ मध्ये 'बलू' आणला, अस्वलासारखा गुबगुबीत पण मोदकाहून पुष्कळ सडपातळ, आणि तो एका देवनागरीवर थांबला नाही. गुजरातीतला 'बलू भाई', बंगालीतला 'बलू दा', तमिळमधला 'बलू तंबी', गुरुमुखीतला 'बलू पाजी', उर्दूतला 'बलू भाईजान'. घाटकोपरच्या बाजारात दहा मिनिटं फिरलं तर ही सगळी भावंडं हाका मारताना ऐकू येतील.

तिसरा 'यात्रा वन', कॅथरिन ली श्मिट यांचा. त्याचं मूळ आपल्या लोकलच्या स्थानकांत आहे. स्थानकांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांचं देवनागरी वळण घेऊन तो बेतलाय, आणि त्यातलं रोमन अक्षर त्या देवनागरीच्या कलानं चालतं. एरवी उलटं असतं. रोमन आधी ठरतं आणि आपली लिपी पाहुण्यासारखी त्याच्या मापात बसवली जाते. इथं इंग्रजीला आपल्या वळणाचं व्हावं लागलं. सकाळी ८:३२ची पकडताना ज्या पाटीकडे आपण मान वर करूनही बघत नाही, तिच्यातून कोणीतरी अख्खा फॉन्ट काढला याची थोडी लाजही वाटते.

या सगळ्याची परीक्षा २०२३च्या शेवटी झाली. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत असाव्यात आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्या लिपीहून लहान नसावं, ही अट २०२२ मध्ये लहानमोठ्या सगळ्या दुकानांना लागू झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली. दसरा-दिवाळी मधे. उपनगरांतल्या प्रिंटवाल्यांकडे रांगा लागल्या. ज्या दुकानांनी इंग्रजी नावावर डिझायनरकरवी खर्च केला होता, त्यांना रातोरात तेवढंच मोठं मराठी नाव हवं होतं.

कायद्यानं मापाचं बघितलं. रूपाचं बघणं कायद्याचं कामही नाही. त्यामुळे निकाल संमिश्र लागला. अंधेरीच्या लिंक रोडवर किंवा बोरीवलीत एस. व्ही. रोडवर हल्लीच्या पाट्या बघत चाला. काही ठिकाणी इंग्रजी नाव गोल, ढेरपोट्या, हसऱ्या अक्षरांत आणि खाली तेच नाव मंगलमध्ये ताणून रुंद केलेलं. दंडाची काठी जाड झालेली, शिरोरेखा बारीकच राहिलेली. मापात बसतं, दंड होत नाही, पण ते नाव त्या दुकानाचं वाटत नाही. जणू महापालिकेनं लावलंय. काही ठिकाणी मात्र केक-बिस्किटवाल्यानं, लहान मुलांच्या कपडेवाल्यानं 'मोदक' किंवा 'बलू' उचललाय आणि तिथं मराठी नाव दुकानात राहायला आलंय असं वाटतं. तुमच्या घरात कोणी दुकान टाकत असेल तर हे त्यांना जरूर सांगा. पैसे पडत नाहीत.

मात्र 'मोदक' वापरायचा तर त्याचे चोचले पुरवावे लागतात. तो दोन-तीन शब्दांचा गडी. ओळभर लिहिलं की दमतो, परिच्छेद लिहिला तर वाचणारा दमतो. आकार लहान केला की फटी बुजतात आणि पुन्हा तेच, 'व'चा 'ब'. व्हॉट्सॲपवर फोटो चार वेळा पुढे गेला की बुजतातच. शॅडो, बाहेरची कड, चकाकी, असलं काही त्याला चढवू नये. तो आधीच जेवून आलेला असतो. जोडाक्षरं कमी असतील असे शब्द निवडावेत. 'लाडू', 'धमाल', 'मामाचा गाव' त्याला शोभतात. 'उद्घाटन' शोभत नाही. 'श्रद्धांजली'चं तर आपण पाहिलंच.

एका गोष्टीत तो पेंटरच्या पासंगालाही पुरत नाही, आणि बहुतेक कुठलाच फॉन्ट पुरत नाही. त्याला स्वतःची पुनरावृत्ती टाळता येत नाही. पाटी हातची की छापील हे ओळखायचं असेल तर एकच अक्षर दोनदा आलेला शब्द शोधा. फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब निघतील. हाताचं तसं नसतं. या खेळाला 'मुलुंड'इतका सोयीचा शब्द नाही. दोन उकार, अगदी शेजारी शेजारी. स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर तर तो मराठीत एकदा आणि हिंदीत एकदा लिहायचा, म्हणजे एकूण चार उकार. आता तिथं छापील अक्षरं आहेत, चौघंही जुळी भावंडं.

बाजारातल्या एका जुन्या शटरवर मात्र अजून पेंटरचं 'मुलुंड (प.)' टिकून आहे, निळ्यावर पिवळं. पहिला उकार झोकात, शेपटी लांब सोडलेली. दुसरा तोकडा, थोडा वर उचललेला, कारण नेमकं तिथंच खाली कुलपाचं भोक आहे.